आधार बघितल्याने विमान सुरक्षित होतं का?

घोडबंदरकर

नमस्कार मंडळी, एरवी मी वाचनमात्र असतो, पण गेल्या महिन्यात एक प्रकार झाला आणि तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय म्हणून धागा काढतोय.

आईबाबांना घेऊन एका लग्नाला गेलेलो. परतीच्या दिवशी पहाटे साडेपाचला विमानतळावर (कुठला ते सांगत नाही, आणि तिथल्या जवानाची चूकही नव्हती). दारात नेहमीची रांग, एका हातात फोनवर तिकीट, दुसऱ्या हातात आधार. बाबा आत गेले, मी गेलो, आईला थांबवलं. जवानाने आधार उलटसुलट करून बघितलं, ते आमच्या नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याने लॅमिनेट केलेलं, कोपऱ्यात बुडबुडा आलेला. मग फोनकडे, परत आधारकडे. "माताजी का नाम अलग है." तिकिटावर कुसुम, आधारवर सुनंदा.

आता हे मराठी माणसाला समजवावं लागत नाही. माहेरची कुसुम, लग्नात ताटातल्या तांदळावर बाबांनी अंगठीने सुनंदा लिहिलं. पासपोर्टला शाळेचा दाखला जोडला म्हणून तिथे कुसुम, आधारला रेशनकार्ड दाखवलं म्हणून तिथे सुनंदा. तिकीट मी ॲपवरून काढलं आणि ॲपात पासपोर्टवालं नाव सेव्ह होतं, म्हणजे गाढवपणा माझाच.

पंचवीस मिनिटं गेली. शेवटी एअरलाइनचा एक पोरगेला सुपरवायझर आला, त्याने माझ्या फोनमधला आईच्या पासपोर्टचा फोटो झूम करून बघितला, जन्मतारीख जुळवली, जवानाशी दोन शब्द बोलला, सोडलं.

विमानात बसल्यावर सुचायला लागलं. जाताना हेच नाव, हेच आधार, तेव्हा कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आणि येताना जो पुरावा चालला तो फोनमधला एक फोटो, जो माझा आठवीतला भाचा दहा मिनिटांत बदलून देईल. मग हे जे आपण दारात, बॅग देताना, कधी गेटवर परत परत आयडी दाखवतो त्याने नक्की कोण अडतं? विमान पाडायला निघालेल्या माणसाकडे आधार नसतं की काय?

---

कळवा_स्लो

पहिला प्रतिसाद माझा! ठाणे स्टेशनातून रोज लाखो माणसं चढतात-उतरतात, नाव कोणी विचारत नाही. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेवर सात स्फोट झाले, त्यानंतरही लोकलला आयडी लागलं नाही कारण ते शक्यच नाही, आठ चौदाच्या फास्टला आधार तपासत बसले तर गाडी संध्याकाळी सुटेल. विमानाला शक्य आहे म्हणून करतात. इतकं साधं आहे ते.

---

शंकासुर

घोडबंदरकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर ११ सप्टेंबरने देऊन ठेवलंय. १९ जण होते, स्वतःच्या नावाने तिकिटं काढून चढले. कितीतरी जणांकडे तिथलंच ड्रायव्हिंग लायसन्स किंवा आयडी कार्ड. काउंटरवर जे मागितलं ते त्यांनी दाखवलं, तिथे खोटं नाव सांगायची गरज पडली नाही. डिसेंबर २००१ चा बुटात स्फोटकं घालून चढलेला, स्वतःचा खरा ब्रिटिश पासपोर्ट. २००९ च्या नाताळात चड्डीत स्फोटकं शिवून डेट्रॉइटच्या विमानात बसलेला, खरं नाव, खरा व्हिसा.

ओळख म्हणजे हा कोण आहे. आपल्याला हवंय हा काय करणार आहे. आधारवर तो कॉलम नाही.

---

काउंटरवाली

ऐरोलीची आहे, नऊ वर्षं चेक-इन काउंटरला काढली (कुठली कंपनी ते विचारू नका), आता सोडलं. शंकासुर अर्धं बरोबर बोलतायत. उरलेलं अर्धं मी सांगते, लांबेल, चहा घेऊन बसा.

आमच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्या आठवड्यातच कनिष्क शिकवायचे. २३ जून १९८५, एअर इंडियाचं १८२, आयर्लंडजवळ समुद्रावर स्फोट, ३२९ माणसं. बॉम्ब ज्या बॅगेत होता ती व्हँकुव्हरला चेक-इन झालेली, 'एम. सिंग' नावाच्या तिकिटावर. त्या माणसाचं पुढचं तिकीट वेटलिस्टवर होतं, तरी बॅग थेट दिल्लीपर्यंत टॅग करा म्हणून तो काउंटरवरच्या बाईशी हुज्जत घालत बसला, मागे रांग वाढत होती, ती शेवटी कंटाळून हो म्हणाली. बॅग गेली, माणूस चढलाच नाही. त्यात टोरंटोला एक्स-रे मशीन बंद पडलेलं.

मी स्वतः रांगेसमोर बसलेय हो. मागे पन्नास माणसं, पुढचा वाद घालतोय, घड्याळ पळतंय, अशा वेळी आपण काय करतो ते मला माहितीये. त्या बाईचा विचार मी कितीदा केला असेल.

आता बघा, तिथे आयडी मागितलं असतं तर काय झालं असतं? त्याने कुठलं तरी दाखवलं असतं. पण माणूस चढला नाही तर त्याची बॅग खाली काढा, एवढा एकच नियम पाळला असता तर ३२९ माणसं वाचली असती. म्हणून आज गेट बंद व्हायच्या वेळी तुमचं नाव तीन-तीनदा पुकारतात ना, ते प्रेमापोटी नाही. तुम्ही ड्युटी फ्रीत परफ्यूम हुंगत उभे असता आणि खाली लोडर होल्डमधून तुमची एकच निळी बॅग शोधत शंभर बॅगा बाहेर ओढत असतात. ती निळी बॅग कोणाची आहे हे कळायला माणूस आणि टॅग जोडलेले लागतात. आमच्या दृष्टीने आयडीचं खरं काम हे.

---

घोडबंदरकर

वा, हे माहितीच नव्हतं. म्हणजे नाव खरं असो खोटं असो, चेक-इनला आलेला आणि सीटवर बसलेला माणूस एकच पाहिजे, बरोबर?

---

काउंटरवाली

बरोबर. पण जो स्वतः मरायला तयार आहे तो बॅगेसोबत विमानात बसतोच, त्याला हे लागू पडत नाही. तेही सांगून ठेवते, नाहीतर शंकासुर धावून येतील.

---

शंकासुर

आलोच होतो :)

---

नेरूळचे_काका

मी १९९१ साली ऑफिसच्या कामाला दिल्लीला साहेबांच्या तिकिटावर गेलोय. साहेबांना ऐनवेळी कावीळ झाली, तिकीट फुकट कशाला घालवा म्हणून मला पाठवलं. काउंटरवर मला साहेबांच्या नावाने हाक मारली, मी हो म्हणालो, संपलं. परत येताना एअर होस्टेसने आडनाव घेऊन कॉफी दिली तेव्हा शेजारचा ओळखीचा निघाला आणि खो खो हसला.

गंमत सोडा. २४ डिसेंबर १९९९, काठमांडूहून दिल्लीला निघालेलं आयसी-८१४, जे पळवून कंदाहारला नेलं. पाच अपहरणकर्ते प्रवासी म्हणूनच चढले, खोट्या नावांनी. नंतर मुंबईत साथीदार पकडले गेले, त्यातल्या एकावर खोटे पासपोर्ट मिळवून दिल्याचा ठपका होता आणि त्याला शिक्षाही झाली. पासपोर्ट दिसायला अस्सल. मग दारावरचा माणूस काय करणार हो, त्याच्यापुढे शिक्कामोर्तब झालेला कागद आहे. कागद बनवणाऱ्या खिडकीतच भोक असेल तर दार कितीही मजबूत करा. कंदाहार झाल्यावर दोनच महिन्यांत, फेब्रुवारी २००० पासून जयपूरपासून सुरुवात करून सीआयएसएफकडे विमानतळ द्यायला लागले. आज दारात जो जवान तुमच्या मातोश्रींना अडवतो त्याचं मूळ तिथे आहे.

---

पारसिक

काकांच्या मुद्द्याला जोडून. मलेशियाचं बेपत्ता झालेलं विमान एमएच-३७० आठवतंय का, मार्च २०१४? त्यात दोन इराणी तरुण चोरीच्या पासपोर्टवर बसले होते, एक इटलीचा एक ऑस्ट्रियाचा. ते दोन्ही पासपोर्ट चोरीला गेल्याची नोंद इंटरपोलच्या डेटाबेसमध्ये होती, फक्त कोणी ती तपासलीच नाही. पुढे निघालं काय, तर ते बिचारे युरोपात आसरा शोधायला निघालेले, दहशतवादाशी काही संबंध नाही. म्हणजे पासपोर्ट चोरीचा असूनही माणूस निरुपद्रवी, आणि शंकासुरांच्या यादीत सगळी नावं खरी आणि माणसं भयंकर. हे उलटं गणित आहे बघा.

तरी शंकासुरांच्या एका गोष्टीला छेद देतो. त्या १९ पैकी दोघांची नावं सीआयएला आधीपासून माहिती होती, ऑगस्ट २००१ च्या शेवटी परराष्ट्र खात्याच्या यादीत गेलीही. त्या यादीत साठ हजारांवर नावं होती. आणि विमान वाहतूक खात्याची स्वतःची नो-फ्लाय यादी, म्हणजे ज्यांना विमानात चढूच द्यायचं नाही त्यांची? १२ नावं. बारा! दोघांनी खऱ्या नावाने तिकिटं काढली होती, दोन याद्या एकमेकींशी बोलल्या असत्या तर नाव तपासणीनेच ते पकडले गेले असते. २००९ च्या नाताळवाल्याचंही तेच, त्याच्या वडिलांनी स्वतः अमेरिकन वकिलातीत जाऊन मुलाबद्दल सांगितलं होतं, नाव मोठ्या डेटाबेसमध्ये होतं, नो-फ्लायमध्ये नव्हतं.

त्यामुळे आयडी तपासणी अगदीच भंपक असं मी म्हणणार नाही. ती कशाशी ताडून बघता त्यावर आहे. दारात काय होतं, तिकिटावरचं नाव आधारवरच्या नावाशी. दोन्ही कागद प्रवाशानेच आणलेले.

---

काउंटरवाली

+१, शेवटचं वाक्य. आणि त्यातला एक कागद पीडीएफ. तिकिटाची पीडीएफ बदलून नातेवाईकांना सोडायला, नाहीतर मैत्रिणीला निरोप द्यायला टर्मिनलमध्ये घुसलेल्या लोकांच्या बातम्या येतच असतात. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी दारात बारकोड स्कॅन करतात.

---

मृदुला_ठाणे

मला सुरक्षेपेक्षा नावाबद्दल बोलायचंय. आम्हा बायकांचं काय करायचं सांगा. माझ्या पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पासपोर्टवर तिसराच प्रकार कारण फॉर्म भरणाऱ्याने वडलांचं नाव आणि आडनाव एकाच रकान्यात घातलं. नवऱ्याला आयुष्यात कुठल्या दारात नाव विचारून थांबवलं नाही, मला चारदा. अडवायला हरकत नाही पण अडवली जाते ती नेहमी खरी माणसं, ज्यांचे कागद आयुष्यासारखेच अस्ताव्यस्त असतात. ज्याने मुद्दाम खोटं बनवलंय त्याची सगळी नावं कशी शिस्तीत जुळणारी असतात!

---

घोडबंदरकर

मृदुलाताई, हे वाक्य आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली यांना माझा नमस्कार सांग.

---

शंकासुर

जबरी मुद्दा. अमेरिकेत २००४ मध्ये सिनेटर टेड केनेडींनाच परत परत थांबवलं, कारण यादीत तसलंच एक नाव होतं. आपल्या शाहरुखलाही २००९ मध्ये तिकडेच नेवार्कला बसवून ठेवलेलं.

आणि कलाम साहेब. एप्रिल २००९, दिल्ली, एका अमेरिकन विमान कंपनीने त्यांची अंगझडती घेतली, संसदेत गदारोळ झाला, माजी राष्ट्रपतींना झडतीतून सूट आहे म्हणून. मलाही तेव्हा राग आलेला. पण आज थंड डोक्याने बघितलं तर नाव न बघता सगळ्यांना सारखं तपासणं हीच खरी सुरक्षा ना? ज्याचा चेहरा अख्खा देश ओळखतो त्याचीही. सूट देणारी यादीच मला जास्त धोकादायक वाटते.

---

नेरूळचे_काका

कलामांच्या बाबतीत मी असहमत, पण मुद्दा समजला. ते स्वतः मात्र काही न बोलता झडती देऊन पुढे गेले होते.

---

पारसिक

कोणी डिजी यात्राबद्दल बोलणार आहे का? १ डिसेंबर २०२२ ला दिल्ली, बंगळुरू, वाराणसीत सुरू झालं, आता बऱ्याच ठिकाणी आहे. फोनमध्ये आधार जोडायचं, सेल्फी काढायचा, बोर्डिंग पास टाकायचा, मग दारात कॅमेऱ्याकडे बघितलं की फाटक उघडतं. चालवणारी कंपनी ना-नफा आहे, विमानतळ प्राधिकरणाचा वाटा २६ टक्के, बाकीचा मोठ्या विमानतळांचा. माहिती फोनमध्येच राहते आणि विमानतळाकडे गेलेली २४ तासांत पुसतात असं ते सांगतात.

मी वापरतो, रांग वाचते, खोटं कशाला बोलू. चेहरा जुळवायचं काम जवानापेक्षा मशीन चांगलं करतं, जवानाला प्रत्येकामागे चारच सेकंद मिळतात, आणि आधारवरचा फोटो कोणाचाच स्वतःसारखा नसतो. पण मशीन सुद्धा तेच उत्तर देतं, हा तोच आहे. तोच म्हणजे कसा, ते नाही सांगत. एकदा एका विमानतळावर दारातल्या माणसाने 'सर इधर देखिए' म्हणून फोटो काढला, मी तेव्हा ॲप घेतलेलंही नव्हतं. ऐच्छिक म्हणतात ते हेच का, विचारायच्या आत मागच्याने ट्रॉली पायावर घातली.

---

उलवे_सेक्टर१९

आमच्या दारातच विमानतळ आलाय त्यामुळे बोलणं भाग आहे. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडायला लागली. ठाण्याच्या लोकांनो, आता अंधेरीच्या ट्रॅफिकमध्ये मरू नका, ऐरोलीवरून खाली या. आणि कृपया दि. बा. पाटील साहेबांचं नाव घ्या, नुसतं नवी मुंबई विमानतळ म्हणू नका, २४ जून २०२१ ला सिडको भवनावर उगाच नव्हतो गेलो आम्ही.

---

व्यवस्थापक

दि. बां.बद्दल आदर आहेच, पण नामकरणावर वेगळा धागा आहे, तिथे चारशे प्रतिसाद झालेत. हा धागा हायजॅक करू नये. (शब्द चुकून योग्य पडला.)

---

कळवा_स्लो

ज्या विमानतळाच्या नावावरून एवढे मोर्चे तो कुसुमताईंना नाव विचारणार, हे भारी आहे 😂

---

शंकासुर

अजून एक बाजू कोणी घेतली नाही. नाव तपासण्याचा सगळ्यात मोठा फायदा कंपन्यांचा आहे. अमेरिकेत १९९६ पर्यंत लोक न लागणारी विमान तिकिटं पेपरात छोट्या जाहिराती देऊन विकायचे. जुलै १९९६ मध्ये टीडब्ल्यूए-८०० या विमानाचा स्फोट झाला, बॉम्ब असणार म्हणून सगळे हादरले, आयडी मागायला लागले. पुढे तपासात निघालं की मधल्या इंधनटाकीतल्या वाफेचा स्फोट होता. पण आयडी राहिलं ते राहिलं, आणि तिकीट विकायचा धंदा बंद. काकांच्या साहेबांना आज कावीळ झाली तर तिकीट पाण्यात, काकांना नवीन घ्यावं लागेल, ऐनवेळच्या दराने.

ताजं बघा, अमेरिकेत ७ मे २०२५ पासून रिअल आयडी (केंद्राच्या निकषांत बसणारं राज्याचं ओळखपत्र) नाहीतर पासपोर्टसारखं मान्य आयडी सक्तीचं, २० वर्षांपूर्वीच्या कायद्याची अंमलबजावणी. आणि यातलं काहीच नसेल तर? २०२६ च्या फेब्रुवारीपासून ४५ डॉलर भरा, दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून बघतो. दहशतवादी ४५ डॉलरला मागे फिरणार आहेत बहुतेक.

---

नेरूळचे_काका

न्यूझीलंडला मुलाकडे जातो तेव्हा देशांतर्गत विमानात आयडी विचारत नाहीत. छोट्या गावांच्या छोट्या विमानांना तर सामान तपासणीही नाही, पहिल्यांदा मला विमानात नाही तर एसटीत बसल्यासारखं वाटलं. २००८ मध्ये तशाच एका छोट्या विमानात एका बाईने चाकू काढून पायलटांना जखमी केलं होतं. आता तिचं नाव विचारलं असतं तर चाकू सापडला असता का? बॅग बघितली असती तर सापडला असता.

---

घोडबंदरकर

काकांनी चाकूचा विषय काढलाच आहे तर एक गोष्ट मूळ लेखात लिहिली नव्हती, लिहावी की नको ठरत नव्हतं.

दारातल्या त्या पंचवीस मिनिटांमुळे उशीर झालेला, सिक्युरिटीला आम्ही पळत गेलो, आईची पर्स मशीनमधून गेली, आली. विमान वर गेल्यावर सीटबेल्टचा दिवा विझला आणि आईने पर्समधून चंची काढली, चंचीतून सुपारी, आणि सुपारीमागून तिचा पितळी अडकित्ता. माझ्या आजीचा आहे, चांगला वीतभर, पात्याला धार अशी की बाबा हात लावत नाहीत. मी तिचा हात धरून तो खाली दाबला तर म्हणते अरे कातरून देते तुलाही.

---

काउंटरवाली

अगंबाई.

हे खरं अपयश. नावाचं नाही. स्क्रीनवर बसलेल्याचं लक्ष ढळलं, गर्दीची वेळ, पहाटेची शिफ्ट, काहीही असेल. आम्हाला सांगायचे, कुठलाही एक चेक फसणार हे धरूनच चाला, म्हणून एकामागे एक लावलेत. ११ सप्टेंबरनंतर जे खरंच कामाला आलं ते कॉकपिटचं मजबूत बंद दार, आणि हे की आता प्रवासी गप्प बसत नाहीत. बुटातल्या बॉम्बवाल्याला एअर होस्टेस आणि प्रवाशांनीच दाबून धरलं होतं.

---

शंकासुर

आणि त्याच बंद दाराने मार्च २०१५ मध्ये जर्मनविंग्जचा कॅप्टन बाहेर राहिला, को-पायलटने आतून लावून घेतलं, १५० माणसं गेली. त्या को-पायलटची ओळख कंपनीने शंभरदा तपासलेली असेल.

---

पारसिक

दिल्लीचा सप्टेंबर २०१९ चा किस्सा सांगतो म्हणजे जरा हलकं होईल. ३२ वर्षांचा माणूस ८१ वर्षांचा म्हातारा बनून न्यूयॉर्कला निघाला, व्हीलचेअर, पांढरी रंगवलेली दाढी, जाड चष्मा, पासपोर्टवर ८१ वय. सीआयएसएफच्या जवानाने झडतीसाठी उभं राहा म्हणलं, हा राहीना, नजरही देईना. जवानाने कातडी बघितली, सुरकुती एक नाही. पासपोर्ट, तिकीट सगळं जुळत होतं, माणूस जुळत नव्हता.

म्हणून मला वाटतं जवानाच्या डोळ्यांवर पैसे आणि वेळ खर्च करा. त्याला कागद जुळवायला बसवला की डोळे कागदातच राहतात.

---

उलवे_सेक्टर१९

सगळं पटतंय, पण आयडीचा एक उपयोग कोणी बोललं नाही. १२ जून २०२५, अहमदाबाद. क्रूमधली एक मुलगी आमच्या बाजूच्या न्हाव्याची, डोंबिवली-बदलापूरचेही होते. विमानात २४२, वाचला एक. संध्याकाळपर्यंत नावांची यादी बाहेर आली आणि कोणाचं कोण होतं ते घरच्यांना कळलं, पुढे डीएनए जुळवून ताब्यात दिलं. यादीतली नावं खोटी असती, काकांसारखा कोणी साहेबांच्या तिकिटावर बसला असता, तर कोणाच्या घरी फोन केला असता?

---

नेरूळचे_काका

हे माझ्या मनात ३५ वर्षांत आलं नव्हतं. हिला आत्ता सांगितलं, ती उठून आत गेली.

---

काउंटरवाली

उलवे, खरंय. आम्ही याला सुरक्षा म्हणायचो नाही, पण पॅसेंजर लिस्ट दोनदा तपासायला लावायचे त्यामागे हे होतंच.

---

मृदुला_ठाणे

घोडबंदरकर, आईंच्या नावाचं काय केलंत? माझ्या नणंदेने राज्य राजपत्रात नावबदल छापून घेतला, मग आधार आणि पासपोर्ट एक केलं. दोन-तीन महिने गेले पण झालं.

---

घोडबंदरकर

तोच फॉर्म आणलाय ताई. आईला विचारलं दोन्हीपैकी कुठलं ठेवायचं, तर म्हणाली कुसुम. बाबा चार दिवस गप्प आहेत. आणि पुढच्या वेळी अडकित्ता चेक-इन बॅगेत जाणार, यावर मात्र दोघांचं एकमत नाहीये, कारण ती बॅग हरवली तर?